दाराकडं सरकलेला बुडबुडा

हरीश : पण ताई, ट्रायपॉड घेऊन आठच दिवस झाले. एवढ्यात काय बिघडलं त्याचं?

ज्योती : पाय सरकतो. एका बाजूचा. रोज थोडा थोडा.

हरीश : पडला का कुठं? लेकरानं ओढला?

ज्योती : कुणाचा हात बी लागू दिला न्हाई. आमची सृष्टी चार वर्षांची हाय, तिला समदं हातात पायजे. म्हणून चारी बाजूंनी पोती रचून ठेवली होती. हरीशभाऊ, बदलून द्या. न्हाईतर वरच्या किमतीचा दाखवा, मी कसंबी करते. दोनची बस धरायची हाय मला.

हरीश : तुमी आधी स्टुलावर बसा. स्टँडपासून उन्हात चालत आल्या, हात पहा कसे थरथरायलेत.

ज्योती : ते उन्हानं न्हाई.

हरीश : मंग?

ज्योती : दाखवा ना तुमी दुसरा.

हरीश : दाखवतो. पण आधी जुन्याचं दुखणं कळू द्या. हा मी तुमाला उगाच गळ्यात मारला न्हाई. तुमी आल्या त्या दिवशी तुमच्या मनात तो हलका, मोबाईलचा होता. मीच म्हणलो, त्याच्यावर कॅमेरा ठेवला की मान टाकतो तो. मंग लग्नाच्या शूटिंगचा जाडजूड दाखवला, तो तुमच्या बजेटच्या भाईर गेला. मंग हा मधला. पायाला तीन घड्या, खटके दाबून बसवायच्या, खाली वजन टांगायला आकडा. नवशिक्या माणसाला एवढा बक्कळ झाला. मधला दांडा वर वढू नका म्हणलो होतो. वढला का?

ज्योती : न्हाई.

हरीश : आकड्याला वजन?

ज्योती : दोन किलो ज्वारी, पिशवीत घालून.

हरीश : फोटोचं बटन दाबताना धक्का बसला असंल.

ज्योती : बोटच लावत न्हाई मी. धा सेकंदाचा टायमर लावते आन बाजूला होते. तुमी सांगितलं तसंच समदं केलं, भाऊ. एक गोष्ट सोडली न्हाई.

हरीश : मंग पाय सरकतो हे कळलं कसं?

ज्योती : ह्या बुडबुड्यावरून. ह्या इथं, डोक्यावर. तुमीच म्हणले होते, बुडबुडा गोलाच्या मधी असला की ट्रायपॉड सपाट उभा हाय म्हणून समजा. रविवारी मधी होता. मंगळवारी जरासा दाराकडं गेला. मला वाटलं, माझीच नजर. आज सकाळी गोलाच्या पार भाईर.

हरीश : आन तुमी रोज पाहून राहिल्या? रोज कशाचा फोटो काढता घरात, तेबी पोत्यांच्या मधी? मला तर म्हणल्या होत्या, नामकरणाचे, लग्नाचे फोटो शिकायचे हायेत.

ज्योती : खोटं बोलले.

हरीश : माझ्यासंगं?

ज्योती : लाज वाटली. अन् घरची गोष्ट भाईर जायची न्हाई, असं सांगून ठेवलंय मामांनी. सासऱ्यांनी माझ्या.

हरीश : हे दुकानाचं दार लावलं. आता दुकानात आपण दोघंच. सांगा.

ज्योती : भिंतीचा फोटो काढते. मागच्या भिंतीला भेग पडली. खिडकीच्या कोपऱ्यातून निघाली आन खाली फरशीला टेकली. तुमाला ठावं हाय, आमच्याकडं जमिनीतून आवाज येतो.

हरीश : व्हय, इथंबी कधीमधी शोकेसच्या काचा वाजतात.

ज्योती : तुमच्या काचा वाजतात. आमच्याकडं पायाखाली वाजतं. खडीचा ट्रक रिकामा करावा तसा घुरघुर आवाज येतो, भांडी हलतात, आन मंग समदं गप्प होतं. कुत्रीबी भुंकत न्हाईत. मला त्या गप्पपणाचंच भेव वाटतं जास्त. निम्मं गाव आंगणात खाटा टाकून झोपून राहिलं.

हरीश : आन तुमी?

ज्योती : आमी आत.

हरीश : काहून?

ज्योती : मामा गवंडी हायेत. जळबा मिस्त्री. गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची. ते म्हणतात, मिस्त्रीच घराभाईर झोपला, तर ज्यांची घरं बांधली त्यांनी काय समजायचं? कुणाला भेग दाखवत न्हाईत. तिच्यावर कॅलेंडर लावलंय, फोटोपुरतं मी काढून ठेवते.

हरीश : तुमच्या मिस्टरांनी तरी बोलायचं ना.

ज्योती : प्रेमानंद पुण्याला कंपनीत. फोनवर म्हणतात, बाबांना बांधकामातलं कळतं, ते म्हणतील तसं कर. सासूबाई असत्या तर त्यांचं ऐकलं असतं मामांनी. सोजराबाई नाव त्यांचं, स्वतः डोक्यावर पाट्या वाहिल्या त्यांनी त्या घरासाठी. त्याच न्हाईत आता.

हरीश : मंग फोटो कुणाला दाखवायचे?

ज्योती : ह्या आवाजाच्या पाहणीला सरकारी साहेब आले होते गावात. मी गुपचूप दाखवले त्यांना, हातानं काढलेले. ते म्हणले, बाई, एक जवळून काढला, एक लांबून. भेग वाढली का तुमीच पुढं सरकल्या, हे कसं कळावं? बराबरच होतं त्यांचं. त्यात निम्मे हललेले. आवाज आला की माझा हात थांबतच न्हाई. म्हणून ट्रायपॉड. एकच जागा, एकच उंची, रोज सकाळी सातला. फरशीवर नेलपॉलिशचे तीन टिपके केले, तीन पायांचे. पायांच्या घड्या जिथं बसतात तिथंबी रेघा मारल्या, ह्या पहा.

हरीश : अक्कल चांगली लावली. आन भेग वाढली का फोटोत?

ज्योती : न्हाई. तेच तर. फोटोत भेग हाय तेवढीच दिसती. मामांनी पाहिले फोटो. हसले. म्हणले, पाह्य, तुझाच कॅमेरा सांगून राहिला, माझी भिंत हालली न्हाई. मी म्हणलं, मंग बुडबुडा काहून सरकतो? तर म्हणले, तुझ्या तिपाईत खोट हाय. ते ट्रायपॉडला तिपाईच म्हणतात. फरशी त्यांनी स्वतः पाणसळ लावून बसवली.

हरीश : पाणसळ म्हणजे गवंड्याची ती पट्टी ना? तिच्यातबी असाच बुडबुडा असतो.

ज्योती : व्हय. म्हणले, माझ्या फरशीत सुताचा फरक निघाला तर मिशी उतरवीन. जा, बदलून आण. म्हणून आले. आता चांगला द्या, म्हणजे त्यांना दाखवायला तरी येईल काहीतरी.

हरीश : आणा इकडं. पाय उघडतो. तुमच्या रेघांवर आणतो तिन्ही. ही जुळली. ही जुळली. हीबी. आता काउंटरवर ठेवला. ही काच मी पाण्याची नळी लावून लेव्हलमधी बसवलेली हाय, प्रिंटर वाकडा चालत होता म्हणून. पहा.

ज्योती : मधी हाय.

हरीश : एकदम मधी. आता तुमची पिशवी टांगतो आकड्याला. वरून दाबतो, माझ्या अंगच्या जोरानं. रेघा पहा.

ज्योती : जागेवर हायेत.

हरीश : पाय सरकला न्हाई. आता बुडबुड्यातच खोट असंल, तर ट्रायपॉड जागच्या जागी अर्धा फेरा फिरवला की बुडबुडा दुसरीकडं पळंल. फिरवतो. पहा.

ज्योती : मधीच हाय.

हरीश : आता ह्याच जागी हा चार हजाराचा ठेवतो. ह्याला दोन बुडबुडे हायेत. दोन्हीबी मधी. बराबर तुमच्यावानी. ताई, मला इकायला काय, मी आत्ता इकीन हा तुमाला. पण तुमच्या मालात खोट न्हाई.

ज्योती : मंग घरी काहून सरकतो?

हरीश : तेच मी इचार करून राहिलो.

ज्योती : सांगा ना, भाऊ.

हरीश : बुडबुडा दाराकडं गेला म्हणल्या ना तुमी?

ज्योती : व्हय. दाराकडं.

हरीश : आन भेगेची भिंत?

ज्योती : दाराच्या समोर. मागची.

हरीश : बुडबुडा नेहमी उंच बाजूला जातो, ताई. हवा हाय ती, वरच जाणार. म्हणजे दाराची बाजू वर राहिली.

ज्योती : अन् मागची...

हरीश : मागची खाली चालली. फरशी, भिंत, समदं मिळून. ट्रायपॉड त्याच फरशीवर, कॅमेरा त्याच्यावर. समदं एकदमच कललं, मंग फोटोत काय दिसणार? भेग तेवढीच दिसती.

ज्योती : रोज सकाळी मी फोटो काढत होते, आन रोज त्यांना दाखवत होते की काही झालं न्हाई.

हरीश : ताई, तो इचार नंतर. घरात कोण हाय आत्ता?

ज्योती : किती वाजले?

हरीश : दीड.

ज्योती : सृष्टी दीडला झोपती. मागच्या भिंतीला गार लागतं म्हणून तिथंच टाकतात मामा तिला. कॅलेंडरच्या खाली. भाऊ, माझ्यानं नंबर लागंना. तुमी दाबा. हा वरचा.

हरीश : वाजून राहिला. स्पीकर लावतो. दम घ्या.

जळबा : बोल पोरी. बदलून दिली का तिपाई?

ज्योती : मामा, सृष्टी कुठं हाय?

जळबा : आत निजली आत्ताच, मी ओट्यावर बसलो. दोन घास जास्त खाल्ले आज. काहून?

ज्योती : तिला उचला आन भाईर या. आत्ताच्या आत्ता.

जळबा : कुणी काही सांगितलं का तुला तिकडं?

ज्योती : मामा, तिपाई चांगली हाय. दुकानात फिरवून फिरवून पाहिली. खोट फरशीत हाय. घर मागं चाललंय आपलं. तुमच्या पाया पडते, भाईर या.

जळबा : फरशीत खोट हाय, असं कोण म्हणतं?

ज्योती : बुडबुडा म्हणतो.

जळबा : दुकानदाराला इचार, त्यानं जन्मात कधी थापी धरली का. चार फूट पाया खांदला म्या त्या काळ्या मातीत. मुरूम लागेस्तोवर. सोजरा पाटी भरून भरून वर देत होती, हात सोलून निघाले तिचे. ते घर मागं जातं व्हय, एका प्लास्टिकच्या बुडबुड्यावरून? लेकराची झोप मोडायची न्हाई. ठेवतो मी.

ज्योती : मामा, ठेवू नका.

हरीश : मिस्त्री, मी हरीश बोलून राहिलो. फोटोवाला. तुमचंच बराबर हाय.

जळबा : पाह्य. ऐक ज्योती.

हरीश : ट्रायपॉडमधीच खोट असंल. मी कंपनीला परत पाठवतो. पण कंपनी इचारती, घर सरळ हाय हे कुणी तपासलं? मला लिहून द्यावं लागतं. तुमच्यावानी जुन्या मिस्त्रीनं एकडाव ओळंबा लावून सांगितलं, तर माझं काम होतं. हाय का ओळंबा?

जळबा : ओळंबा नसायला काय झालं? इथंच ओट्यावर खुंटीला हाय. तीस वर्षं तीच दोरी, तेच खालचं वजन. आतून लावतो, दोन मिन्टात सांगतो.

हरीश : आतून न्हाई चालत, मिस्त्री. भाईरून पायजे. लांबून, आख्खी भिंत नजरेत येईल असा.

ज्योती : लिंबाखालून, मामा. तिथून मागचा कोपरा दिसतो.

जळबा : ते तर म्याच शिकवलं होतं समद्यांला. ओळंबा हातात धरायचा, एक डोळा झाकायचा आन कोपऱ्याला जुळवायचा. ठीक हाय. जातो.

ज्योती : सृष्टीला घेऊन जा.

जळबा : ती निजली म्हणलं ना.

ज्योती : उठली आन तुमी दिसले न्हाई तर रडून आकांत करंल. काल कसा केला होता. खांद्यावर टाका, तिथं लिंबाखाली बाजेवर निजवा.

जळबा : तुला लई घाई हाय आज. बरं. फोन खिशात ठेवतो. बोलू नको, लेकरू उठंल.

(फोन काउंटरवर होता आणि ज्योती त्याच्यावर वाकून उभी होती. आधी चपलांचा आवाज आला, मग बाजेचा करकर आवाज, मग मामांचं कण्हणं. आणि मग पायाखालचा तो ओळखीचा घुरघुराट फोनमधून आला आणि एक पातेलं फरशीवर पडून कितीतरी वेळ गोल गोल वाजत राहिलं. ते वाजायचं थांबलं तेव्हा ज्योतीनं फोन उचलून तोंडाजवळ धरला.)

हरीश : ताई, फोन चालू हाय. कट झाला न्हाई.

ज्योती : मामा. मामा, बोला.

हरीश : खिशात हाय फोन, त्यांना ऐकू येत नसंल.

ज्योती : मीच आत पाठवलं भाऊ त्यांना. ते ओट्यावर बसून बोलत होते. मीच म्हणलं, आत जाऊन उचला.

हरीश : पोरगी आत होती, ताई. कुणाला तरी जावंच लागत होतं.

ज्योती : मामा.

जळबा : हाय. हाय पोरी. वरडू नको.

ज्योती : सृष्टी?

जळबा : खांद्यावर हाय. निजलेलीच हाय अजून, झोपेत लाळ गाळून राहिली माझ्या बंडीवर. पातेलं पडलं मांडणीवरून, बाकी काही न्हाई. आलो लिंबाखाली.

ज्योती : घरापासून लांब हायेत ना?

जळबा : वीस पावलं. लेकराला बाजेवर टाकलं. ओळंबा आणला येताना. थांब, फोन बाजेवर ठेवतो.

हरीश : पाणी प्या आता, ताई.

ज्योती : नको. ऐकू द्या.

जळबा : हात थांबंना माझाबी. तू म्हणती ते हेच का? आवाज आला की थरथरतो.

ज्योती : हेच, मामा.

जळबा : फांदीला बांधतो दोरी. हाताचा भरवसा न्हाई आज. बांधली. वारं हाय जरा. वजन झुलून राहिलं. थांबू दे.

ज्योती : थांबलं का?

जळबा : धीर धर. थांबलं. आता एक डोळा झाकतो. कोपरा... कोपरा घेतो दोरीच्या बाजूला.

ज्योती : काय दिसतं?

जळबा : दोरी सरळ हाय.

ज्योती : आन भिंत, मामा?

जळबा : दोरी सरळ हाय, ज्योती.

हरीश : मिस्त्री, दुसऱ्या डोळ्यानं पहा एकडाव.

जळबा : दुसऱ्यानंबी पाहिलं. डोळे बदलून भिंत बदलत न्हाई, फोटोवाले. वर चार बोटं मागं गेली. माळवदापाशी, छताच्या कडेला, पाचबी असतील. आन मी तिथं लेकराला निजवत होतो.

ज्योती : मामा, तुमी भाईर आले. बास झालं.

जळबा : रोज. कॅलेंडराच्या खाली. तिला म्हणायचो, पाह्य कसं गार हाय आजीचं घर.

ज्योती : मामा, सृष्टीपाशी बसा. मी येते. हरीशभाऊ सोडतात मला गाडीवर.

हरीश : निघालोच, मिस्त्री. पाऊण तासात पोचवतो. शटर वढतो फक्त.

जळबा : तिची चप्पल आत राहिली. लाल. उठली की तीच मागंल.

ज्योती : मामा, आत जाऊ नका.

जळबा : न्हाई जात.

ज्योती : काहीबी मागितलं तरी.

जळबा : न्हाई म्हणलं ना. ऐक. तिपाई बदलली का?

ज्योती : न्हाई. तीच हाय.

जळबा : तीच घेऊन ये. कॅमेराबी संगं हाय ना? इथं लिंबाखाली लाव, म्या सांगतो तिथं. फोटोत ही दोरी आली पायजे आन तिच्या बाजूला भिंत. मंग त्या साहेबाला तुझ्या जवळ-लांबचं काही बोलता येणार न्हाई. पैलं फोटोत आपलं घर घे. मंग संतरामचं. मंग मिराबाईचं, तिची तर पोटुशी सून हाय घरात. समद्यांला हाका मारतो तोवर, भाईर या म्हणून.

ज्योती : ते ऐकतील?

जळबा : माझं ऐकूनच आत झोपून राहिलेत, पोरी. ऐकतील.

ज्योती : मी निघाले, मामा.

जळबा : सावकाश या. आन फोटोत दोरी धरून मी उभा राहतो. घरं कुणी बांधली, तेबी दिसू दे.